समीकरणातलं मरण

एप्रिल १९४०. पायाखालची फळी डोलते आहे आणि तुम्ही एका हाताने दोर घट्ट धरून उभे आहात. ‘अटलांटिस’ हे दोन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज वूड्स होल बंदरातून निघून जॉर्जेस बँकवर येऊन पोचलं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या पूर्वेला समुद्राचा तळ इथे एकदम उंचावतो. कॉड मासा मिळतो म्हणून मच्छीमारांच्या पिढ्यान्पिढ्या इथे येत आल्या. आज मात्र या जहाजावरून माशांचं जाळं सुटत नाहीये. बाटल्या खाली जातात, ठरलेल्या खोलीवर बंद होतात आणि पाणी घेऊन वर येतात. त्यांच्यामागून बारीक विणीची रेशमी जाळी पाण्यात उतरते.

बाटलीतलं पाणी उजेडात धरून पाहा. काहीच दिसत नाही. आता ते गाळा. गाळणकागदावर पुसटसा डाग उरतो आणि अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवला की द्रव हिरवट होतो. या हिरवेपणाच्या गडदपणावरून पाण्यात वनस्पतिप्लवक किती आहेत याचा अंदाज बांधायचा. प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. त्यांतले हे उन्हावर जगणारे, एका पेशीचे, बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. सूक्ष्म शैवाल म्हणा. तुम्ही जानेवारीत आला असतात तर अ‍ॅसिटोन जेमतेम रंगलं असतं. आज ते असं हिरवं झालं आहे की पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. जूनमध्ये याल तेव्हा हा रंग बराच ओसरलेला असेल. ऊन तर जूनमध्ये वाढतं. मग शैवाल जातं कुठे?

हा प्रश्न मनावर घेतला गॉर्डन रायली या येल विद्यापीठात शिकलेल्या, तिशीही न ओलांडलेल्या संशोधकाने. उत्तराचा कागद पाहायला तुम्हाला १९४६ पर्यंत पुढे सरकावं लागेल. महायुद्ध संपलं आहे. फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचं अवाढव्य संगणकयंत्र नुकतंच लोकांसमोर आलं आहे, पण समुद्राचं गणित अजून कागदावरच मांडलं जातं. रायलीच्या खांद्यावरून डोकावा. त्याचं म्हणणं एका ओळीचं आहे: शैवालाच्या साठ्यात होणारा बदल म्हणजे तो साठा गुणिले कंसात प्रकाशसंश्लेषण, वजा श्वसन, वजा चराई.

कंसात तीन पदं. पहिल्यात ऊन, पाण्याची पारदर्शकता, फॉस्फेट, आणि वारा पाणी किती खोलवर घुसळतो ते. दुसऱ्यात पाण्याचं तापमान. तिसरं पद खाणाऱ्यांचं. शैवालावर जगणारे प्राणिप्लवक, विशेषतः काही मिलिमीटर लांबीचे कोपेपॉड, दिवसाला त्यातला किती वाटा फस्त करतात? पहिल्या दोन पदांसाठी प्रयोगशाळेत काही ना काही मोजता येतं. तिसऱ्याबाबत खाणारे किती ते जाळीतून कळतं, पण ते खऱ्या समुद्रात किती खातात हे अंदाजाने धरावं लागतं. रायली अंदाज धरतो, आकडे भरतो, टप्प्याटप्प्याने वक्ररेषा काढतो. रेषा मोजलेल्या बिंदूंच्या जवळून जाते. एप्रिलच्या सुमारास शिखर, मग उतार.

मला या कागदाचं फार अप्रूप वाटतं. आज पुण्यापासून पॅरिसपर्यंत जी हवामान-मॉडेलं महासंगणकांवर चालतात, त्यांच्या पोटातलं शैवालाचं गणित याच ओळीच्या वंशातलं आहे. तिसऱ्या पदाचं दुखणंही त्यांना वारशात मिळालं आहे.

दुखणं किती खोल आहे ते दोन आकड्यांवरून कळेल. जगभरच्या समुद्रांत एका वेळी जिवंत असलेल्या वनस्पतिप्लवकांमध्ये साधारण १ अब्ज टन कार्बन असतो. जमिनीवरच्या झाडाझुडपांच्या मानाने हा साठा एक टक्कासुद्धा नाही. आणि हेच शैवाल वर्षाकाठी सुमारे ५० अब्ज टन कार्बन आपल्या शरीरात बांधतं, म्हणजे पृथ्वीवरच्या एकूण वनस्पती-उत्पादनाच्या जवळजवळ निम्मा. याचा अर्थ सबंध साठा आठवड्याभरात नवा होतो. जेवढं जन्मतं, जवळजवळ तेवढंच मरतं. गल्ल्यात रोज लाख येणाऱ्या आणि रोज लाखच जाणाऱ्या दुकानदाराची रात्रीची शिल्लक जितकी नाजूक, तितकाच हा हिशोब नाजूक आहे. जमेत किंवा खर्चात एका टक्क्याची चूक झाली तरी शिल्लक उलटीपालटी होते. जमेची बाजू उपग्रहातूनही दिसते. खर्चाची बाजू अंधाऱ्या पाण्यात, कुणाच्या तरी पोटात असते.

हवामानाचा संबंध याच खर्चाशी आहे. शैवाल पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याची भरपाई पाणी हवेतून करतं. ते शैवाल वरच्या थरातच खाल्लं गेलं, पचलं, तर श्वासावाटे कार्बन पुन्हा पाण्यात आणि तिथून हवेत. ते न खाल्लं जाता गुठळ्या होऊन बुडालं, किंवा खाणाऱ्याच्या जड विष्ठेतून खाली गेलं, तर तोच कार्बन हजार मीटरांखाली शेकडो वर्षं अडकून राहतो. एकाच पेशीचे हे दोन शेवट. हवेचं पुढे काय होणार ते यांतला कुठला शेवट किती पेशींच्या वाट्याला येतो यावर ठरतं.

आता एका अशा समुद्रात उतरा जो कधीच नव्हता. मॉडेल करणारे असा समुद्र मुद्दाम घडवतात. औद्योगिक क्रांतीआधीचं जग घ्यायचं, हवेत कार्बन डायऑक्साइडचे दशलक्ष भागांत २८० भाग, आणि समुद्रातलं सगळं शैवाल एका आज्ञेसरशी बंद करायचं. तुम्ही लाटांवर आहात. पाणी कमालीचं निळं, पारदर्शक. मासा नाही, पक्षी नाही, समुद्राला वास नाही. काही शतकं अशीच जाऊ द्या. खोल पाण्यात साठून राहिलेला कार्बन प्रवाहांबरोबर वर येतो आणि हवेत निघून जातो, कारण त्याला परत खाली नेणारं कुणी उरलेलं नाही. बहुतेक गणितांनुसार आकडा दीडशे ते दोनशे भागांनी चढतो. सबंध औद्योगिक युगात कोळसा, तेल आणि वायू जाळून आपण हवेत जेवढी भर टाकली, तेवढी किंवा त्याहून जास्त भर केवळ हे जीव नसल्याने पडते. त्या ओसाड निळाईत तुम्हाला फार वेळ ठेवत नाही.

वीस हजार वर्षं मागे चला. पॅटागोनियाचा किनारा आहे, पण तुमच्या नकाशाशी जुळत नाही. समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली आहे आणि आजच्या अर्जेंटिनाबाहेरचा उथळ तळ मैलोन्मैल उघडा पडला आहे. पश्चिमेचा वारा क्षणभर थांबत नाही. हिमनद्यांनी रगडलेल्या खडकाची भुकटी तो उचलतो आणि पूर्वेला समुद्रावर नेऊन टाकतो. तोंडाला फडकं बांधा, डोळे बारीक करा. या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत जेमतेम १९० आहे. पुढे अंटार्क्टिकावर खोदून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांमध्ये या दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी सापडणार आहेत. ज्या काळात धूळ जास्त, त्या काळात कार्बन डायऑक्साइड कमी. तुमच्या दातांत कचकचणाऱ्या धुळीत लोह आहे.

हे लोह महत्त्वाचं असावं अशी शंका आधीही अनेकांना होती. अडचण मोजण्याची होती. भर समुद्रातल्या पाण्यात लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश एवढंच लोह असतं आणि मोजायला आलेलं जहाजच लोखंडाचं. गंजाचा एक कण बाटलीत पडला की निष्कर्ष बाद. कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या प्रयोगशाळेतल्या जॉन मार्टिनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अतिस्वच्छ बाटल्या, दोर आणि खोल्या वापरून हे मोजमाप विश्वासार्ह केलं. अलास्काच्या आखातातलं, पोषकद्रव्यांनी भरलेलं पण हिरवं न होणारं पाणी त्यांनी बाटल्यांत घेतलं आणि काहींमध्ये चिमूटभराहूनही कमी लोह घातलं. त्याच बाटल्यांतलं शैवाल वाढलं.

जुलै १९८८, वूड्स होल. तुम्ही सभागृहात मागच्या रांगेत आहात. तरुणपणी पोलिओ झालेला मार्टिन बोलायला उभा आहे. अर्धा टँकर लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो, असं तो नाटकी आवाजात म्हणतो आणि सगळे हसतात. त्या वाक्याचा गाजावाजा पुढे इतका झाला की त्याच्या पाठीमागची चिकाटी लोक विसरले, याचं मला वाईट वाटतं. स्वच्छ पाण्याची स्वच्छ बाटली भरता यावी म्हणून या माणसाने कितीतरी वर्षं घालवली होती. भर समुद्रातली पहिली चाचणी पाहायला तो उरला नाही. जून १९९३ मध्ये तो गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी गालापागोसच्या दक्षिणेला ६४ चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं. शैवाल वाढलं. १९९५ साली पुन्हा केलं तेव्हा तर निळं पाणी डोळ्यांदेखत हिरवं झालं. रायलीच्या पहिल्या पदाबद्दल मार्टिन बरोबर होता. हिमयुगात घटलेल्या कार्बनचा काही भाग या धुळीच्या खात्यावर टाकता येतो, हेही आज मान्य आहे. सगळा नाही.

मधल्या काळात समीकरण मोठं होत होतं. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या वर्मली गावी या. मायकेल फॅशम आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी बर्म्युडाजवळच्या समुद्राचं एक मॉडेल मांडलं आहे. कागदावर सात चौकटी: शैवाल, प्राणिप्लवक, जिवाणू, नायट्रेट, अमोनियम, विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजन, आणि मेलेल्याचा कचरा. चौकटींमध्ये बाण. बाण कुठून कुठे जातात ते बोटाने तपासत चला. नायट्रेटपासून शैवालाकडे, शैवालापासून प्राणिप्लवकाकडे. प्राणिप्लवकापासून पुढे? प्राणिप्लवकाला खाणारे मासे, कोळंबीसारखे जीव, देवमासे, यांना इथे चौकट नाही. त्यांची जागा एका मृत्युदराने भरून काढली आहे. या क्षेत्रातले लोक त्याला ‘क्लोजर’ म्हणतात, कारण कुठेतरी साखळी बंद करावीच लागते. हा दर कसा लिहायचा, म्हणजे प्राणिप्लवकांच्या संख्येच्या सरळ पटीत की वर्गाच्या पटीत, एवढ्या फरकाने सगळ्या समुद्राचं वागणं बदलतं, हे जॉन स्टील आणि एरिक हेंडरसन यांनी दोनच वर्षांत दाखवून दिलं. वर कोण खातं हे न कळता खालचं गणित सुटत नाही.

मरणाची आणखी एक वाट आहे आणि ती नाकाला कळते. १९७१ मध्ये ‘शॅकलटन’ जहाज ब्रिटनहून अंटार्क्टिकाकडे निघालं तेव्हा जेम्स लव्हलॉकने स्वतः बनवलेलं उपकरण त्यावर चढवलं होतं. त्याने समुद्राच्या पाण्यात जागोजाग डायमिथाइल सल्फाइड शोधून काढलं. तुम्हाला जो समुद्राचा वास वाटतो, त्यातला एक घटक. शैवालाची पेशी खाल्ली जाते किंवा विषाणूमुळे फुटते तेव्हा आतलं द्रव्य बाहेर पडून हा वायू तयार होतो. हवेत त्यापासून गंधकाम्लाचे कण बनतात आणि त्यांच्याभोवती ढगाचे थेंब धरतात. १९८७ मध्ये लव्हलॉक आणि तीन शास्त्रज्ञांनी यावर एक फार सुंदर कल्पना मांडली. ऊन वाढलं की शैवाल वाढेल, वायू वाढेल, ढग उजळ होतील, ऊन कमी होईल. समुद्र आपलं तापमान आपणच राखेल. २०११ मध्ये पॅट्रिशिया क्विन आणि टिमोथी बेट्स यांनी दोन दशकांची मोजमापं तपासून सांगितलं की ढगांना लागणारे कण मीठ आणि इतर वाटांनीही मुबलक येतात आणि साखळीची प्रत्येक कडी अपेक्षेपेक्षा कमकुवत आहे. कल्पना सुंदर असूनही ती मागे घ्यावी लागली. तरी मॉडेलांमध्ये हा वायू राहिला, कारण दक्षिणेच्या निर्मळ हवेत त्याचं वजन आहेच.

आता गरम कपडे चढवा. ७ जानेवारी २००९, केप टाउन. निळ्या अंगाचं, पांढऱ्या माथ्याचं ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन बर्फफोडं जहाज धक्क्यावरून सुटतं आहे. जहाजावर निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञ भारतीय आहेत. मोहिमेचं नाव लोहाफेक्स, भागीदार जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. एक प्रमुख दोना पावलाहून आलेले वजीह नक्वी, दुसरे कुमाऊँच्या डोंगरांत वाढलेले व्हिक्टर स्मेटाचेक. स्मेटाचेक यांच्या पाठीशी पाच वर्षांपूर्वीचा अनुभव आहे. २००४ मध्ये याच जहाजावरून त्यांनी दक्षिण महासागरात लोह घातलं तेव्हा डायटमांचं दाट पीक आलं होतं. डायटम म्हणजे सिलिकेचं कवच घालून राहणारं शैवाल. त्या पिकातला निदान अर्धा भाग हजार मीटरांच्या खाली बुडाला होता.

दक्षिणेला जाता जाताच बातमी येते. पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली आहे, जर्मन सरकारने प्रयोग थांबवायला सांगितलं आहे. आढावा घेतला जातो, जहाज प्रयोगासाठी योग्य भोवरा शोधत फिरत राहतं, महिन्याच्या अखेरीस परवानगी मिळते. हरकत घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. त्या काळात समुद्रात लोह टाकून कार्बनची पुण्याई विकू पाहणाऱ्या कंपन्या उभ्या राहत होत्या. पण पाण्यात नेमकं काय होतं हे शोधणं आणि ते होईलच असं गृहीत धरून विकणं, या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अटलांटिकच्या दक्षिण भागातला एक मोठा, सावकाश फिरणारा भोवरा निवडला आहे. त्याच्या मधोमध सोडलेलं पाणी सहसा बाहेर सांडत नाही. लोह-सल्फेटचं द्रावण नळीतून जहाजाच्या मागे, पंख्याच्या घुसळणीत सोडलं जातं. अल्बट्रॉस जहाजामागे तरंगत आहेत. मोहिमेत दोन वेळा, दर वेळी २ टन लोह, ३०० चौरस किलोमीटर पाणी. आणि मग ३९ दिवसांचा पहारा. तुमची पाळी रात्रीची आहे.

पहिले दिवस उत्साहाचे. शैवालाची तब्येत सुधारते, हरितद्रव्य दुप्पट होतं, उत्पादन दुप्पट होतं. मग हिरवेपणा वाढायचा थांबतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. डायटम दहा टक्क्यांहूनही कमी. कारण पाण्यात सिलिसिक आम्लच उरलेलं नाही. आधीच्या नैसर्गिक बहरांनी ते संपवलं आहे आणि कवचाविना डायटम वाढू शकत नाही. वाढलं आहे ते मऊ अंगाचं, चिमुकलं शैवाल. आता रात्रीची जाळी वर घ्या. तळाशी जमलेला लगदा वळवळतो आहे. कोपेपॉड. शैवाल वाढतं तितकं ते खात सुटले आहेत. आणि त्यांच्यात मोठ्या काळ्याभोर डोळ्यांचे, कोळंबीच्या नात्यातले दुसरे जीव, थेमिस्टो. हे कोपेपॉडांना खायला आले आहेत. थेमिस्टोवर माकुळ जगतं आणि पंखाचे देवमासे जगतात. फॅशमच्या कागदावर ज्याला चौकट नव्हती, तो तुमच्या हातातल्या बादलीत पोहतो आहे.

पाण्यात ठरावीक खोलीवर तरंगणारे सापळे वर काढले जातात. खाली पडणारा कचरा त्यांत जमतो. लोह घातलेल्या पाण्याखालचा सापळा आणि बाहेरच्या पाण्याखालचा सापळा शेजारी ठेवून मोजले. दोन्हींत जवळजवळ सारखंच. उत्पादन दुप्पट झालं आणि बुडालेला कार्बन वाढला नाही. वर्तमानपत्रांनी प्रयोग फसला म्हणून लिहिलं. मी हा या विषयातला एक सर्वांत यशस्वी प्रयोग मानतो, कारण २००४ आणि २००९ या दोन बहरांमधला फरक लोहाने ठरवला नव्हता. तो सिलिकेने आणि भुकेने ठरवला होता, आणि हे पहिल्यांदाच इतक्या जवळून मोजलं गेलं.

दक्षिणेची थंडी पुरे. अरबी समुद्रात या, घराजवळ. जुलै-ऑगस्टात नैऋत्येचा वारा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळचं पाणी लोटून देतो, त्याच्या जागी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि समुद्र हिरवा होतो. १९९१ मध्ये शुभा सत्येंद्रनाथ आणि त्यांच्याबरोबर गोव्याचे अल्बर्ट गोव्हेया, सतीश शेट्ये आणि इतरांनी उपग्रहाने टिपलेल्या रंगावरून दाखवलं की हे हिरवं पाणी ऊन वरच्याच थरात अडवतं आणि पृष्ठभागाचं तापमान कसं चढेल यावर ताबा ठेवतं. आपल्या मोसमी पावसाच्या ढगांना बाष्प पुरवणाऱ्या समुद्राच्या तापमानात शैवालाचा हात आहे. ही कामगिरी मात्र ते जिवंतपणी करतं.

त्याच समुद्राच्या उत्तर भागात फेब्रुवारीतली रात्र. जहाजाच्या नाळेपाशी उभे राहा. पाणी फाटतं तिथे निळा उजेड भळभळतो. बादली ओढून घ्या आणि हात बुडवा, बोटांभोवती ठिणग्या. सकाळी तेच पाणी पाहाल तर गर्द हिरवं, दाट. हा नॉक्टिल्युका आहे. एकाच पेशीचा, पण नुसत्या डोळ्याला टिपक्यासारखा दिसण्याइतका मोठा. तो डायटमांना पकडून खातो. आणि त्याच्या पोटात हजारो हिरव्या पेशी जिवंत पोहत असतात, त्या प्रकाशसंश्लेषण करून त्यालाही पोसतात. याला रायलीच्या कोणत्या पदात बसवाल? पहिल्या की तिसऱ्या? मूळचे गोव्याचे हेल्गा गोम्स आणि हुआकीम गोएस यांनी भारतीय संशोधन जहाजांवरून या बहरांचा पाठपुरावा केला. या शतकाच्या सुरुवातीपासून हिवाळ्यातल्या डायटमांची जागा नॉक्टिल्युका घेत आहे आणि खालून वर पसरणारं, प्राणवायू कमी असलेलं पाणी त्याच्या पथ्यावर पडतं, असं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. कोपेपॉडांना हा घास मोठा पडतो. तो खातात ते साल्प आणि जेलीफिश. म्हणजे वरची साखळीही बदलते आणि खाली जाणारा कार्बनही.

आता पुण्यात, पाषाणच्या रस्त्याला. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत पृथ्वीचं एक मॉडेल चालतं. हवामान बदलाच्या जागतिक तुलनेत उतरलेलं भारतातलं ते पहिलं मॉडेल, आणि त्याच्या समुद्रातही शैवाल आहे. याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपग्रहांच्या नोंदी आणि मॉडेलं एकत्र तपासून सांगितलं की पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतिप्लवक सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत. वरचं पाणी तापून हलकं झालं, खालच्या पोषक पाण्यात मिसळेनासं झालं. त्याच्या अकरा वर्षं आधी, २००५ मध्ये, गोएस यांच्याच गटाने कमी वर्षांच्या नोंदींवरून अरबी समुद्राच्या पश्चिम काठाला उत्पादन वेगाने वाढतंय असं दाखवलं होतं. दोन्ही माणसं काळजीपूर्वक काम करणारी. एकाने सात-आठ वर्षांचा तुकडा पाहिला, दुसऱ्याने लांबचा पट्टा. मला यातून एवढंच दिसतं की या समुद्रावर सलग नजर ठेवायला आपण फार उशिरा सुरुवात केली.

शेवटचा मुक्काम २१००. एकच २१०० नाही. जगभरच्या मॉडेलांनी घडवलेले डझनभर. भरमसाट इंधन जाळत राहिलो तर काय होईल, त्या वाटेवरचे. एका समुद्रात उतराल तर शैवालाचं उत्पादन घटलेलं, दुसऱ्यात जवळजवळ आहे तसं, तिसऱ्यात वाढलेलं. सगळ्यांची सरासरी काढली तर सुमारे ३ टक्के घट, आणि मॉडेलामॉडेलांतला फरक त्याच्या अलीकडे-पलीकडे ९ टक्के. समुद्र तापतो, आम्ल होतो, प्राणवायू गमावतो, यावर सगळी मॉडेलं एकमताने बोलतात. शैवालावर आलं की चिन्हसुद्धा पक्कं नाही.

या समुद्रांच्या आज्ञावली उघडून वाचा. लाखो ओळींत ती जुनी ओळ सापडेल: वाढ, वजा श्वसन, वजा चराई. २०२३ मध्ये टायलर रोर आणि सहकाऱ्यांनी या पिढीतली मॉडेलं शेजारी-शेजारी मांडून पाहिली, तेव्हा सागरी कार्बनच्या हिशोबातली सर्वांत मोठी अनिश्चितता चराईच्या पदात निघाली. खाणारा किती भुकेला, अन्न विरळ असताना तो किती खातो, याचे सहगुणक मॉडेलागणिक वेगळे. त्यांतले बरेचसे बाटल्यांतल्या मोजक्या जातींच्या प्रयोगांवरून घेतलेले. अरबी समुद्रासाठी हा आकडा हवा असेल तर फेब्रुवारीत जहाज काढून नॉक्टिल्युकाच्या मधोमध जायला हवं, आणि एक साल्प एका रात्रीत त्यातले किती गिळतो, त्यातलं किती खाली बुडतं, हे पाळ्या लावून, वर्षामागून वर्षं मोजत राहायला हवं.